पुस्तक मिटा, आणि मग सांगा!

दोस्तांनो, हा लेख वाचण्याआधी एक छोटंसं काम करा. वीस रुपयांची नोट डोळ्यांपुढे आणा. खिशातून किंवा आईच्या पाकिटातून काढायची नाही हं, नुसती मनात आणायची! हिरवट-पिवळ्या रंगाची, २०१९ साली निघालेली नोट. पुढच्या बाजूला गांधीजी आहेत हे तर सगळेच सांगाल. पण मागच्या बाजूला कशाचं चित्र आहे? आणि दहाच्या चॉकलेटी नोटेच्या मागे? उत्तरं कागदावर लिहून ठेवा. घरात कुणी मोठं माणूस असेल तर त्यांनाही विचारा. बघू या कुणाला येतंय ते.

बहुतेकांची गाडी इथंच अडते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९७९ साली अमेरिकेत रेमंड निकर्सन आणि मेरिलिन अॅडम्स या दोन संशोधकांनी असाच एक प्रयोग केला होता. त्यांनी मोठ्या माणसांना त्यांच्या देशातलं एक सेंटचं नाणं न बघता काढायला सांगितलं. जन्मभर हाताळलेलं नाणं! पण त्यावरच्या आठ मुख्य गोष्टींपैकी साधारण तीनच गोष्टी लोकांना नीट जागच्या जागी काढता आल्या.

म्हणजे एखादी गोष्ट हजार वेळा डोळ्यांखालून गेली म्हणून ती आठवेलच असं नाही.

आता हेच अभ्यासाला लावून बघा. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. परीक्षेनंतर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "बाई, मी धडा पाच वेळा वाचला होता. घरी सगळं येत होतं. पेपरात आठवलंच नाही!" मुलं हे बोलतात तेव्हा खोटं बोलत नसतात. पाच वेळा वाचलेलं असतं, हे खरं. सगळं येतंय असं वाटलेलं असतं, हेही खरं. पण "येतंय असं वाटणं" आणि "येणं" यांत फरक आहे. पुन्हा पुन्हा वाचलं की ओळी ओळखीच्या होतात. आपल्या गल्लीतून रोज जाणारे एखादे काका असतात ना, चेहरा लगेच ओळखतो, पण नाव विचारलं की आपण गप्प! धड्याचंही तसंच होतं. पुस्तक समोर असलं की सगळं ओळखीचं वाटतं. परीक्षेत मात्र पुस्तक समोर नसतं.

मग करायचं काय? उत्तर अगदी सोपं आहे. पुस्तक मिटायचं आणि आठवायचं. एवढंच. "हे काय बाई नवीन सांगताहेत?" असं कुणी म्हणेल. नवीन नाहीच मुळी. पण यामागं शंभराहून जास्त वर्षांचं संशोधन आहे, आणि ते फार मजेदार आहे.

स्वतःवरच प्रयोग करणारा माणूस

जर्मनीमध्ये हेर्मान एबिंगहाउस नावाचे एक शास्त्रज्ञ होते. माणूस किती भराभर विसरतो, हे त्यांना मोजायचं होतं. पण प्रयोगाला माणूस कुठून आणायचा? ते स्वतःच बसले! 'झाप', 'मिद', 'तोक' अशांसारखे काहीच अर्थ नसलेले, एका अक्षराएवढे शब्द त्यांनी तयार केले, सुमारे २३००. त्यांच्या याद्या करून ते पाठ करायचे. मग काही वेळानं तीच यादी पुन्हा पाठ करायला बसायचे आणि या खेपेला किती वेळ वाचला ते मोजायचे. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली आणि दुसऱ्यांदा पाचच लागली, तर निम्मं डोक्यात शिल्लक होतं असा हिशेब.

१८८५ साली त्यांनी हे सगळं छापलं. वीस मिनिटांनी शिल्लक ५८ टक्के. एका दिवसानं ३४ टक्के. आणि एका महिन्यानं? २१ टक्के. पाहिलंत, सगळ्यात जास्त गळती पहिल्याच दिवशी! नंतर ती हळूहळू होते. अर्थात हे निरर्थक शब्द होते. गोष्ट किंवा समजलेला धडा इतक्या वेगानं विसरत नाही. पण "काल शिकवलेलं आज कसं विसरलास?" असं मोठी माणसं रागावतात ना, तेव्हा एबिंगहाउससाहेब तुमच्या बाजूचे आहेत असं समजायला हरकत नाही.

त्यानंतर १९१७ साली आर्थर गेट्स यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. काही मुलं ठरलेला सगळा वेळ वाचत बसली. काहींनी थोडा वेळ वाचलं आणि उरलेला वेळ न बघता म्हणून पाहिलं. कुणी जिंकलं असेल? निम्म्याहून जास्त वेळ न बघता म्हणण्यात घालवणारी मुलं!

आणखी एक प्रयोग १९३९ सालचा आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ९१ शाळांमधली सहावीची ३६०५ मुलं त्यात होती. हर्बर्ट स्पिट्झर यांनी त्यांना सुमारे सहाशे शब्दांचे लेख वाचायला दिले. विषय काय होते माहीत आहे? भुईमूग आणि बांबू! आपल्याकडच्या मुलांनी निम्मी उत्तरं न वाचताच दिली असती. असो. काही मुलांना वाचल्यावर लगेच चाचणी दिली, काहींना काही दिवसांनी, काहींना काही आठवड्यांनी. ज्यांना लगेच चाचणी मिळाली, त्यांना आठवड्यांनंतरही इतरांपेक्षा जास्त आठवत होतं. चाचणी ही नुसती मोजपट्टी नाही, ती शिकण्याचं साधन आहे, असं स्पिट्झर यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. पण शाळांनी चाचणीचा उपयोग मोजायलाच जास्त केला. आपल्याकडेही आणि तिकडेही.

चार वेळा वाचणारे आणि तीन वेळा आठवणारे

आता सांगते तो प्रयोग मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. तो २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला. करणारे होते हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी. कॉलेजातल्या मुलांना त्यांनी छोटे उतारे दिले. एक सूर्यावर होता, एक समुद्रातल्या ऊदमांजरांवर.

पहिल्या गटानं उतारा चार सत्रं वाचला. पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं तीन सत्रं वाचला आणि एकदा न बघता आठवेल ते लिहिलं. तिसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचला आणि पुढची तिन्ही सत्रं कोऱ्या कागदावर आठवून लिहिण्यात घालवली. पुन्हा उतारा बघायला मिळाला नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली. चार सत्रं वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्या गटाला ७८, आणि तिसऱ्याला ७१. म्हणजे वाचणारे जिंकले! पण थांबा. काही मुलांची परीक्षा पाच मिनिटांनी नव्हती, ती एका आठवड्यानं होती. तिथं काय झालं? चार सत्रं वाचणारे घसरून ४० टक्क्यांवर आले. मधला गट ५६ वर. आणि एकदाच वाचून तीनदा आठवणारे ६१ टक्क्यांवर! पारडं पूर्ण उलटलं.

खरी गंमत पुढं आहे. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना विचारलं होतं, "आठवड्यानं तुम्हाला किती आठवेल असं वाटतं?" सगळ्यात जास्त खात्री कुणाला होती? चार सत्रं वाचणाऱ्यांना! ज्यांना पुढं सगळ्यात कमी आठवणार होतं, तेच सगळ्यात निर्धास्त. आणि आठवून लिहिणारे मात्र धास्तावलेले, कारण कोरा कागद त्यांना त्यांच्या चुका दाखवत होता.

म्हणून मी म्हणते, आठवताना अडखळलात तर घाबरू नका. अडखळणं म्हणजे अभ्यास होत नाही असं नाही. तिथंच तर तो होत असतो. शेतातून पायवाट कशी पडते? लांबून नुसतं बघून पडत नाही. चालावं लागतं. पहिल्यांदा गवत आडवं येतं, काटे लागतात. दुसऱ्यांदा थोडं सोपं जातं. डोक्यातल्या आठवणीपर्यंत जाण्याची वाटही अशीच, जाऊन-येऊन रुळते.

आता ते नोटांचं सांगून टाकते. विसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. आपल्या महाराष्ट्रातली! दहाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर, त्याच्या प्रसिद्ध चाकासकट. ज्यांनी आधी डोकं खाजवून चुकीचं का होईना उत्तर लिहिलं, त्यांना हे आता पक्कं लक्षात राहील. ज्यांनी थेट इथपर्यंत उडी मारली, त्यांचं मी काही सांगू शकत नाही!

बाई वर्गाबाहेर जातात

कुणी म्हणेल, हे प्रयोगशाळेतलं झालं, खऱ्या वर्गात काय? तेही करून बघितलंय. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात कोलंबिया नावाच्या गावात एक शाळा आहे. तिथं २००६ पासून पूजा अगरवाल, हेन्री रोडिगर आणि मार्क मॅकडॅनिएल या संशोधकांनी शिक्षकांबरोबर काम केलं. सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गात प्राचीन इजिप्त, मेसोपोटेमिया, चीन आणि आपला भारतही शिकायचा होता. त्यातल्या साधारण एकतृतीयांश मजकुरावर छोट्या चाचण्या ठेवल्या. पहिली तास सुरू होताना, दुसरी शिकवून झाल्यावर, तिसरी घटक चाचणीच्या आदल्या दिवशी. मुलांच्या हातात बटणांचं एक छोटं यंत्र. पडद्यावर प्रश्न आला की बटण दाबायचं, आणि बरोबर उत्तर लगेच दिसायचं. या चाचण्यांना गुण नव्हते.

आणि चाचणी सुरू झाली की बाई वर्गाबाहेर जायच्या! का बरं? कारण कोणते प्रश्न विचारले जाताहेत हे त्यांना कळलं असतं, तर नकळत तोच भाग त्यांनी जास्त घोटून घेतला असता. मग फरक चाचणीमुळं पडला की शिकवण्यामुळं, हे कसं कळणार? संशोधन म्हणजे असं असतं. आपलं म्हणणं खरं ठरावं अशी कितीही इच्छा असली, तरी फसायच्या जागा आधी बुजवून ठेवायच्या.

ज्या भागावर चाचण्या झाल्या होत्या, त्यात मुलं एक पूर्ण श्रेणी वर गेली. काही भाग नुसता पुन्हा वाचून दाखवला होता. त्याचा काहीच फायदा दिसला नाही. आठवीच्या विज्ञानातही तसंच. चाचणी झालेल्या भागात सरासरी ९२ टक्के, न झालेल्या भागात ७९. मुलं तीच, बाई त्याच, पुस्तकही तेच.

आमच्या वर्गात बटणांची यंत्रं नाहीत. पाट्या आहेत. पाटी मला त्याहून बरी वाटते. इतिहासाचा तास संपायच्या आधी दहा मिनिटं सगळी पुस्तकं दप्तरात जातात. पाटीवर आठवेल ते लिहायचं. वाक्यं नकोत, नुसते शब्द चालतील. प्रतापगड, अफजलखान, १६५९. मग शेजाऱ्याची पाटी बघायची आणि आपल्याकडं नसलेलं त्याच्याकडून घ्यायचं. मग पुस्तक उघडायचं आणि काय चुकलं, काय राहिलं ते शोधायचं. ही शेवटची पायरी गाळायची नाही, बरं का. चुकीचं आठवून तसंच सोडलं, तर चुकीचंही पक्कं होऊ शकतं. आणि मग पाटी पुसून टाकायची. वहीत लाल शेरा राहतो, घरी जातो, सगळ्यांना दिसतो. पाटीवरची चूक ओल्या फडक्याबरोबर जाते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील म्हणायचे, "बाई, दोन-दोन तास पुस्तक घेऊन बसते, पण हिच्या डोक्यात काही राहतच नाही." हे ते तिच्यासमोर म्हणायचे. हळूहळू तीही तसंच म्हणायला लागली होती, "माझ्या डोक्यात नाही राहत." नऊ वर्षांची मुलगी! पाटीवर पहिल्या दिवशी तिनं दोनच शब्द लिहिले आणि पाटी उलटी करून ठेवली. पुढच्या आठवड्यात पाच झाले. दिवाळीच्या सुमारास ती स्वतःहून पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तीन राहिले. कुठले तेही मला माहितीये." तिचा पहिला नंबर वगैरे आला नाही. पण कुठले तीन राहिले हे जिला कळतं, तिच्या डोक्यात काही राहत नाही असं कोण म्हणेल?

गणितं मिसळून, अभ्यास विभागून

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. पुस्तकात बेरजेच्या धड्याखाली सगळी बेरजेची उदाहरणं असतात. मग मुलं उदाहरण न वाचताच बेरीज करत सुटतात! परीक्षेत मात्र सगळं मिसळून येतं आणि "बाई, यात गुणायचं की भागायचं?" हा प्रश्न सुरू होतो. डग रोहरर यांनी फ्लोरिडा राज्यात सातवीच्या मुलांना काही गणितं एका प्रकारची सलग आणि काही वेगवेगळ्या प्रकारांची मिसळून दिली. २०१५ साली छापलेले निकाल असे: दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेत मिसळलेल्यांना ८० टक्के, सलग केलेल्यांना ६४. महिन्यानं मिसळलेल्यांना ७४, आणि सलग केलेल्यांना फक्त ४२. म्हणून घरी गणितं करताना आजच्या धड्यातली चार आणि मागच्या धड्यांतली चार घ्या. जास्त चुकतील, चिडचिड होईल. होऊ द्या.

दुसरी गोष्ट अंतराची. एकदम तीन तास बसण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून तीनदा तासभर बसणं चांगलं. २००८ साली निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतेराशे लोकांवर हे तपासलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणी एका दिवसानं करणं चांगलं ठरलं; महिन्याहून थोडी जास्त लांब असेल तर दहा-अकरा दिवसांनी. थोडं विसरायला वेळ द्यायचा आणि मग आठवायचं.

आणि हो, हायलायटर! काही मुलांची पुस्तकं पिवळ्या रंगात न्हालेली असतात. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या. खुणा करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्ही पद्धती खालच्या रांगेत गेल्या. वरच्या रांगेत दोनच बसल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागणं. खुणा करायला बंदी नाही, पण पान रंगवलं म्हणजे अभ्यास झाला असं नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे, पावकी, निमकी, सगळं न बघता, आणि रोज. आठवणं आणि विभागणं दोन्ही त्यात आलं. फक्त एक उणीव होती. सुरात म्हणताना एकापाठोपाठ एक येतं, पण मधूनच "सात आठे किती?" विचारलं की सातापासून सुरुवात करावी लागते. म्हणून परवचा झाल्यावर आडवेतिडवे प्रश्नही विचारा. भेंड्यांचा खेळ मला यासाठीच आवडतो. कुठलं अक्षर येईल सांगता येत नाही!

आई-बाबांसाठी

पालकहो, हे वाचून उद्यापासून घरी रोज परीक्षा सुरू करू नका, ही विनंती. कोलंबियाच्या शाळेतल्या चाचण्यांना गुण नव्हते, हे विसरू नका. "झाला का अभ्यास?" या प्रश्नाला मूल "हो" म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी भाजी निवडताना किंवा बसची वाट बघताना, "आज विज्ञानात काय झालं, मला सांग बरं" म्हणा. मूल अडखळलं तर लगेच उत्तर सांगू नका. थोडं थांबा. मग दोघं मिळून पुस्तकात बघा. तुम्हाला शाळेत जायला मिळालं नसेल तरी हे करता येतं, कारण इथं सांगणारं मूल आहे, तुम्ही ऐकणारे. पाहुण्यांसमोर मात्र प्रश्न विचारू नका. तिथं मुलाला धडा आठवत नाही, नुसती फजिती आठवते.

आणि मुळात जे समजलंच नाही, ते आठवायचा आग्रह धरू नका. अपूर्णांक कळला नसेल तर आधी भाकरीचे चार तुकडे करून तो समजवावा लागतो. समजावून सांगणं ही आधीची पायरी. ती शिक्षकांची आणि मोठ्यांची जबाबदारी आहे. पुस्तक मिटायचं ते त्यानंतर.

दोस्तांनो, आता अंक मिटा. पाटी नाहीतर कागद घ्या. एबिंगहाउस यांनी कोणावर प्रयोग केला? स्पिट्झर यांचे लेख कशावर होते? चार सत्रं वाचणारे पाच मिनिटांनी जिंकले, मग आठवड्यानं त्यांचं काय झालं? बाई वर्गाबाहेर का गेल्या? आणि दहाच्या नोटेवर कशाचं चित्र आहे? उत्तरं लिहून झाली की अंक उघडून तपासा. मग कॅलेंडरवर पुढच्या आठवड्यातल्या याच वारावर एक खूण करून ठेवा आणि त्या दिवशी हेच प्रश्न आई-बाबांना विचारा. त्यांनीही लेख वाचलेला असेल तर, आधी अंक लपवून ठेवा!